दोन बोटांचा फरक

आमच्या घरी सायकल मोडली आणि आजारी पडला माझा नवरा.

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये असं सासूनं मला शिकवलं होतं. पण गोष्ट सांगायची आणि दर वाक्यात ‘आमचे हे’ म्हणायचं तर ऐकणारा कंटाळेल, म्हणून सरळ चंपत म्हणते. सासू आता नाही. असती तरी तिच्याजवळ मला बोलायला याहून मोठी कारणं होती.

वाशीमच्या कडेला आमचा भाजीचा मळा आहे. मेथी, पालक, सांबार, हंगामात वांगी. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडची माणसं या शब्दाला हसतात, हसू देत. रोज सकाळी चंपत सायकलच्या दोन्ही बाजूंना टोपल्या लावून शहरात दारोदार भाजी विकायचा. त्याचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. गेला म्हणजे आहे, पण बारीक आणि आखूड. चालताना त्याला गुडघ्यावर हात टेकावा लागतो, अंग एका बाजूला पडतं, आणि रस्त्यावरची पोरं मागून तशीच चाल करून दाखवतात. सायकलवर बसला की यातलं काही नसायचं. रुबाबात घंटी वाजवत जायचा, बायका वरच्या मजल्यावरून दोरीनं पिशवी खाली सोडायच्या, हा त्यांच्याशी भाव करत एक पाय ओट्याला टेकवून उभा. अर्ध्या गिऱ्हाइकांना तो लंगडा आहे हे ठाऊकच नव्हतं. सायकल ही त्याची अब्रू होती.

ती सायकल दुकानातली नव्हती. माझे सासरे पुंजाजी यांनी ती हेमसिंग नावाच्या कारागिराकडून खास घडवून घेतली होती. नळ्या कापून, पितळेनं झाळून, चंपतच्या बेतानं. डाव्या पायडलवर लाकडी ठोकळा बसवलेला, म्हणजे आखूड पाय पोचावा. आणि पुढचं चाक दोन्हीकडून धरतो तो चिमटा एका जुन्या परदेशी सायकलचा, डोंगरदऱ्यांत हाकायच्या. त्यात स्प्रिंगा होत्या, म्हणून खड्ड्याचा दणका कमरेपर्यंत पोचत नसे.

पोळ्याच्या आधी, स्टेशनाकडच्या रस्त्यावर, तो चिमटा तुटला. चंपत पडला, कोपर सोललं, एवढंच. पण मग त्याला मोडकी सायकल तिथंच टाकून भर रस्त्यातून, आपल्या गिऱ्हाइकांसमोरून, ऑटोपर्यंत चालत जावं लागलं. त्या दिवशी घरी आला तो बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी बाहेर पडला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. भिंतीकडे तोंड करून मेथीच्या जुड्या बांधत बसायचा, आणि इतक्या आवळून बांधायचा की पानं काळी पडायची. मी ओरडले की सोडून पुन्हा बांधायचा. माझ्याशी भांडलासुद्धा नाही, तेव्हा मात्र मी घाबरले.

मुन्नाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आमच्या वाटेवर आहे, मोडकी सायकल रस्त्यावरून त्यानंच उचलून आणली होती. त्यानं तुटका चिमटा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“वहिनी, असा चिमटा आता भेटत नाही. नव्या सायकलचा या मानेत बसत नाही. ज्यानं बनवली त्यालेच शोधा. नाहीतं बॅटरीवाली तीनचाकी घेऊन टाका, अपंगायची. आरामात बसून जातीन भाऊ.”

मी घरी येऊन तीनचाकीचं सांगितलं. चंपत भिंतीशीच बोलला. “त्यात बसलो का पाटीच लटकली गळ्यात. त्यापरीस घरीच बरा.”

तेव्हा मी ठरवलं की हेमसिंगला पाताळातून का होईना, काढायचं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, विचारायला कोणी नाही. तो पोहरादेवीकडचा होता, एवढंच सासूच्या तोंडून कधी ऐकलेलं. चिमटा जुन्या लुगड्यात गुंडाळला, एसटीनं मानोऱ्याला गेले, तिथून ऑटोनं पोहरादेवीला. देवीला हात जोडले आणि नारळवालीला विचारलं, “बाई, हेमसिंग चिमटेवाला ठाव हाय काय?”

“चिमटे? ते तिकडं, तिसऱ्या दुकानात,” ती म्हणाली.

तिसऱ्या दुकानात झारे, सराटे, खलबत्ते आणि पोळ्या भाजायचे चिमटे टांगलेले. दुकानदार राजपाल नावाचा, तोंडात पान. मी हेमसिंगचं नाव काढलं तर तो म्हणाला, “माल त्याचा नाही, पण एक नंबर हाय. हातात धरून तं पाहा.” मी म्हटलं, मला असला चिमटा नको, आणि गाठोडं सोडून माझा दाखवला. तो पान चघळायचा थांबला.

“मावशी, एवढ्या चिमट्यानं तुमच्या घरी पोळ्या भाजतात का माणसं?”

आसपासचे सगळे हसले. मलाही हसू आलं असतं, पण सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मी त्याला असं काही बोलले की त्यानं आधी पाणी दिलं आणि मग पत्ता दिला. हेमसिंग आता इथं नसतो, केनवडला लेकीकडे राहतो. सायकलचं काम सोडून दिलं, आता चिमटे बनवतो.

“कोणते चिमटे?” मी विचारलं.

“भजनातले. छन छन वाजवतात ते.”

म्हणजे पोळ्यांचा नाही, सायकलचा नाही, तिसराच. पोहरादेवी जिल्ह्याच्या एका टोकाला, केनवड दुसऱ्या. मी परत घरी आले.

चार दिवसांनी केनवड गाठलं. तिथं मात्र चिमटेवाले बुवा म्हटल्यावर लहान पोरानंही बोट दाखवलं. पत्र्याचं शेड, पुढं अंगण, अंगणात लिंबाचं झाड. दारावर भजनाचे लांब चिमटे टांगलेले, त्यांना पितळी चकत्या. आत आढ्याला मात्र सायकलचे तीन जुने चिमटे लटकत होते, माझ्या गाठोड्यात होता तसेच, स्प्रिंगांचे. ते बघून माझे पाय हलके झाले.

हेमसिंग सत्तरीचा असावा. मिशा काळ्याभोर, इतक्या काळ्या की देवानं त्या दिल्या नव्हत्या हे उघड होतं. बोलायची भारी हौस. एके काळी यवतमाळ, अकोल्याचे लोक त्याच्याकडून सायकली घडवून नेत, हे त्यानं मी खाली बसायच्या आत सांगितलं. भंगाराच्या एका ट्रकात हे विलायती चिमटे त्याला कसे सापडले, तेही सांगितलं. मग लोक मोटरसायकली घेऊ लागले, सायकलचं माप द्यायला कोणी येईना, तेव्हा भजनी मंडळांनी त्याला जगवलं.

मी गाठोडं सोडलं. त्यानं आधी जोडावर अंगठा फिरवला.

“हा टाका माझा. तुटला काय? नाही तुटला. नळी तुटली, आन् नळी विलायती हाय.” मी त्याचं अभिनंदन करायलाच आले आहे, असा चेहरा त्यानं केला. मग चिमटा डोळ्यासमोर धरून त्याच्या लांबीवरून नजर टाकली आणि चेहरा बदलला.

“हा तं पिळून गेला. बसणाऱ्याच्या पायात फरक किती हाय, बाई?”

“दोन बोटं,” मी म्हटलं. विचार न करता म्हटलं, जसं आपण आपलं आडनाव सांगतो.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. मला पाहायला आले तेव्हा सासऱ्यांनी माझ्या वडलांना हेच सांगितलं होतं. पोरगा मेहनती हाय, मळा पाण्याखाली हाय, पायात दोन बोटांचा फरक हाय. लग्न जमवताना थोडं सगळेच झाकतात. माझ्याही वयातली दोन वर्षं माझ्या आईनं गिळली होती. आणि ती सायकल त्याच साली घडवली होती, कशासाठी? तर मुलीकडच्यांसमोर पोराला चालत यावं लागू नये. चंपत आमच्या दारात सायकलवरून आला, उतरला तो बाजेवरच बसला, आणि निघताना सगळे आत पानसुपारी घेत असताना पुन्हा सायकलवर. लग्न झाल्यावरही दोन बोटं हाच घरातला आकडा राहिला. सासू तेच सांगायची, नणंदा तेच, चंपत स्वतः तेच. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्याच्या पायांना तेल मी लावते. फरक चार बोटांचा आहे.

हेमसिंग मान हलवत होता. “तुमचे सासरे दोरीले गाठ मारून आलते, दोन बोटांची. पोरगा कामात हाय म्हणे. मीनं ठोकळा बी दोन बोटांचाच लावला. पण दोन बोटांचा माणूस चिमटा असा पिळत नाही. हा गडी हर पायडलले कमरेतून खाली पडते आन् हातानं हँडल ओढून सोताले सावरते. इतकी वर्षं कमर दुखत असंन त्याची. खरं सांगा बाई, फरक किती?”

कमर दुखते हे खरं होतं. रात्री कूस बदलताना तो दात आवळतो, आणि मी विचारलं की म्हणतो, मेथीच्या वाफ्यात वाकून वाकून होते. मी चार म्हटलं असतं तर काम तिथंच झालं असतं. पण माझी जीभ वळली नाही. जो आकडा त्यानं जन्मात कोणापुढे काढला नाही, तो त्याच्यामागं, परक्या अंगणात, मी कोण काढणार?

“त्यायलेच घेऊन येतो,” मी म्हटलं.

“आना. माप घेतल्याबिगर मी आता हात लावत नाही. आन् लौकर आना. हे तीन चिमटे बी भजनी मंडळानं मांगून ठेवले हायत, तोडून वाजवायचे करायले.”

घरी येऊन मी चंपतला सांगितलं की माणूस सापडला, चिमटाही आहे, फक्त माप पुन्हा द्यायला हवं.

“माप बाबानं देल्लं हाय.”

“पुन्हा घेतो म्हणते.”

“कायले?”

“मले काय मालूम,” मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे वळला. केनवडचा विषय संपला.

मग मीच डोक्यावर टोपलं घेऊन शहरात जायला लागले. आमची लेक वैभवी अकोल्याला शिकते, तिचा फोन आला की चंपत म्हणायचा, सायकल दुरुस्तीला टाकली आहे. एक दिवस ऊन फार होतं, अर्धी भाजी सुकली, मान अवघडली, आणि घरी आले तर हा तसाच बसलेला. मी तापट आहे, ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. टोपलं खाली आदळलं.

“सारं वाशीम मले इचारून राह्यलं, तो सायकलवाला कुठं गेला म्हून. मास्तरीणबाई इचारते, दवाखान्यातली नर्स इचारते. तो लंगडा कुठं गेला, असं एकानं बी इचारलं नाही. घरात कोंडून घेऊन तुमीच सोताले लंगडं करून राह्यले.”

तो शब्द आमच्या घरात कधीच कोणी उच्चारला नव्हता. सासूच्या तोंडून नाही, रागातसुद्धा नाही. माझ्या तोंडून गेला आणि मला वाटलं, संपलं सगळं. चंपतनं हातातली जुडी खाली ठेवली. रात्री जेवला नाही. मी रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या.

सकाळी उठले तर तो आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसला होता.

“केनवडची गाडी कितीले हाय?” त्यानं विचारलं.

केनवडच्या फाट्यावर उतरलो तेव्हा त्यानं मला पुढं चालायला सांगितलं. मी मागं वळून पाहिलं नाही. हेमसिंगच्या अंगणात नेमके भजनी मंडळाचे चार लोक आलेले, चिमटे बघायला. त्यांना तिथून हाकलून द्यावं असं मला वाटलं.

“चालून दाखव,” हेमसिंग म्हणाला.

“पायाचं माप घ्या ना, बाबा. बसून देतो.”

“पायडल नुसता पाय मारत नाही, पुरा माणूस मारते. त्या लिंबापर्यंत जा आन् ये.”

चंपतनं त्या चौघांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. आणि चालला. गुडघ्यावर हात टेकवून, अंग डावीकडे पाडत, लिंबापर्यंत आणि परत. ते चौघं म्हातारे माळकरी मला आजही आठवतात. त्यांनी पाठ फिरवली आणि एकानं चिमटा उचलून तो नीट वाजतो का ते बघायला सुरुवात केली, चांगला मोठ्यानं. बाकीचे त्यावर मत देऊ लागले. कोणीही इकडे पाहिलं नाही.

हेमसिंगनं आतून लाकडी पट्ट्या आणल्या, एकेक बोटभर जाड. चंपतला सरळ उभं केलं आणि डाव्या पायाखाली एक पट्टी सरकवली. मग दुसरी.

“बस?” त्यानं विचारलं.

“बस,” चंपत म्हणाला.

अंग अजून कललेलंच होतं, आंधळ्यालाही कळलं असतं. पण हेमसिंग खाली उकिडवा बसून तंबाखू चोळू लागला. चंपतनं माझ्याकडे पाहिलं. मी शेडच्या पत्र्याकडे पाहत राहिले. म्हाताऱ्यांचा चिमटा वाजत होता.

“अजून एक टाका,” चंपत हळूच म्हणाला.

तिसरी गेली.

“अजून.”

चौथी पट्टी गेली आणि त्याचे दोन्ही खांदे एका रेषेत आले. हात गुडघ्यावरून सुटून मोकळा लोंबला. त्या हाताचं काय करावं हे त्याला कळेना. आमच्या लग्नाच्या फोटोत आम्ही दोघं सारख्या उंचीचे दिसतो, आणि मी आजवर तसंच धरून चालले होते. त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याकडे मान वर करून पाहावं लागलं. मला रडू आलं. पदर तोंडावर घेतला आणि ऊन लागतंय असं दाखवलं.

“तुझ्या बापाले मीनं तवाच म्हनाले पाह्यजे होतं, पोराले घेऊन ये,” हेमसिंग खडूनं खूण करत पुटपुटला. “गिऱ्हाईक हातचं जाईन म्हून गप बसलो. चूक तं माझीबी हाय.” मग आढ्याचा एक चिमटा त्यानं खाली काढला. म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाला, तो आमचा ठरला होता. हेमसिंग म्हणाला, “इठ्ठलाले लोखंड कोणतंबी चालते, याले हेच लागते.”

मोडका सांगाडा मुन्नानं टेम्पोत घालून केनवडला पाठवला, आणि दसऱ्यानंतर सायकल तयार असल्याचा निरोप आला. आम्ही दोघं गेलो. सांगाडा तोच, पण मान नव्यानं झाळलेली, चिमटा नवा, म्हणजे जुनाच, आणि डाव्या पायडलवर चार बोटांचा ठोकळा. चंपत बसला आणि अंगणात एक फेरी मारली. मग दुसरी, तिसरी. हेमसिंग म्हणाला, “आरे, अंगण संपून जाईन माझं.” पूर्वी चालवताना त्याचं हँडल सारखं इकडून तिकडे हलायचं, मला वाटायचं तशीच त्याची पद्धत आहे. आता हलत नव्हतं.

फाट्यावरून भाजीचा रिकामा टेम्पो वाशीमला जाणार होता, त्यात सायकल टाकायची असं ठरलं होतं. मी पायी निघाले तर हा आडवा आला.

“बस मांगं.”

“मी?”

“मंग कोण? बस.”

इतक्या वर्षांत मी त्याच्या सायकलवर कधी बसले नव्हते. तो म्हणायचा, भाजीची गाडी आहे, माणसांची नाही. मी कॅरिअरवर बसले, एका हातानं सीट धरली. दोन्ही बाजूंना सोयाबीन निघून गेलेली काळी वावरं होती. गाव मागं पडलं तेव्हा समोर बघतच म्हणाला, “वैभवीची माय.”

“हं.”

“तुले मालूम होतं?”

“काय?”

“चार बोटं.” त्यानं शेवटी तो आकडा तोंडानं काढला.

“होतं.”

“कवापासून? लग्न झाल्यावर?”

“लग्नातच,” मी म्हटलं. “अंतरपाट धरला तवा. तुमचं तोंड तं दिसत नव्हतं. खाली पाय तेवढे दिसत होते. डावी टाच पाटाले टेकत नव्हती. मीनं तितूनच बोटं मोजली.”

त्यानं पायडल मारायचं थांबवलं. उतार होता, सायकल आपली आपण जात राहिली.

“आन् तरीबी माळ घातली?”

“भटजीनं मंगलाष्टकं लयच लांबवली होती,” मी म्हटलं. “मले इचार कराले मस्त टाइम भेटला.”

उतार संपला आणि त्यानं पुन्हा पायडल मारायला सुरुवात केली.